डाव्या हाताची सही

तालुक्यातल्या एका गावी एकदा एक वयोवृद्ध विधिज्ञ राहत असत. चाळीस वर्षे वकिली करून त्यांनी काळा कोट उतरवला, पण लोकांची रीघ काही थांबली नाही. भावाभावांचा तंटा असो की शेजाऱ्यांच्या भिंतीचा वाद, माणसे त्यांच्या व्हरांड्यात येऊन बसत आणि निवाडा घेऊन जात. ते कोणाकडून एक पैसाही घेत नसत. सारा गाव त्यांना तात्या म्हणे, आणि ‘तात्यांनी सांगितलं’ एवढे शब्द कानी पडले की भांडणारा मनुष्य आवाज खाली करी.

श्रीरंग नावाचा एक तरुण त्यांच्यापाशी शिकत होता. कायद्याची पदवी त्याने मिळवली होती. कायदा मात्र तात्यांकडून शिकायचा, असा त्याचा निश्चय होता. गुरूवर त्याची भक्ती होती. या भक्तीमुळेच पुढचे सारे घडले.

तात्यांच्या सुनेचे डोहाळजेवण ठरले. हिरव्या बांगड्या भरण्यासाठी तात्यांनी स्वतः फोन करून सुभद्राबाई कासारणीला बोलावले. ही बाई घरोघर जाऊन बांगड्या भरी. आडव्या हाडाच्या मनगटातही काच न तडकू देता ती अशी बांगडी चढवी, की मुलींना ती कधी गेली ते कळत नसे. त्या दिवशी सकाळी ती पेटी घेऊन आली, फाटक उघडले, आणि ‘तात्या, आले हो’ असे म्हणते न म्हणते तोच बंगल्याच्या कडेने भैरू धावत आला.

भैरू हा तात्यांचा कुत्रा. तो भुंकलाही नाही. सुभद्राबाईने तोंड वाचवायला उजवा हात पुढे केला आणि त्याने तो हात अंगठ्यापाशी धरला. तात्या काठी घेऊन पोहोचेपर्यंत तो सोडीना. पेटी उलटली, पायरीवर हिरव्या काचांचा खच पडला आणि त्या काचांवर बाईचे रक्त सांडू लागले. ती किंचाळलीसुद्धा नाही. आपल्याच हाताकडे ती अशी पाहत राहिली, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे.

तात्यांनी तिला नळापाशी बसवले. साबण लावून पंधरा मिनिटे ते वाहत्या पाण्याखाली जखम धूत राहिले. मग रिक्षा करून सरकारी रुग्णालयात नेले, इंजेक्शने देववली, पुढच्या तारखा कागदावर लिहून घेतल्या. संध्याकाळी घरी परतल्यावर ते कोणाशीही बोलले नाहीत.

श्रीरंगाला ते मौन पाहवेना. या वयात गुरूंच्या नावाला बट्टा लागणार, पोलीस दारात येणार, या विचाराने तो अस्वस्थ झाला. दोन दिवसांनी तो फळांची परडी घेऊन सुभद्राबाईकडे गेला. परतला तो प्रसन्न मुद्रेने. तात्यांपुढे त्याने एक कागद ठेवला.

“तात्या, तुम्ही आता निर्धास्त राहा. सगळं मिटलं.”

कागदावर लिहिले होते: ‘सदर घटना माझ्या नकळत झालेल्या चुकीमुळे घडली. फाटकावर सूचनेची पाटी होती. माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही व पुढे कसलीही मागणी राहणार नाही.’ खाली सही होती. अक्षरे वेडीवाकडी, एकमेकांवर चढलेली, पहिलीतल्या मुलाने काढावीत तशी.

तात्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

“ही सही कोणाची?”

“त्यांचीच. उजव्या हाताला पट्टी आहे ना, म्हणून डाव्या हाताने केली.”

तात्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आपण काय बोललो ते श्रीरंगाला कळेना. तात्या कितीतरी वेळ त्या सहीवरून बोट फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, “रिक्षा बोलाव. पोलीस ठाण्यात जायचं आहे.”

कागद दाखवून प्रकरण बंद करायचे असेल, असे श्रीरंगाला वाटले. ठाण्यात तात्या शिरताच हवालदार अदबीने उभा राहिला, खुर्ची पुढे केली. तात्या बसले नाहीत.

“हवालदारसाहेब, एक खबर लिहून घ्या. परवा एका बाईला पाळीव कुत्रा चावला. मालकाने निष्काळजीपणा केला, म्हणून चावला.”

“मालकाचं नाव, तात्या?”

“माझंच.”

हवालदाराची लेखणी तशीच अधांतरी राहिली. “तात्या, थट्टा करताय का गरिबाची?”

“थट्टा नव्हे. आणखी लिहा. तीन महिन्यांपूर्वी याच कुत्र्याने दूधवाल्याच्या पोटरीला दात लावले होते. मी त्याला नवी विजार घेऊन दिली आणि विषय हसण्यावारी नेला. जनावर अंगावर जातं हे मला ठाऊक होतं. तरी त्या सकाळी ते मोकळं होतं, आणि त्या बाईला बोलावणारा मीच होतो.”

श्रीरंग हतबुद्ध झाला. दूधवाल्याची हकीगत त्याने प्रथमच ऐकली. पाळलेले जनावर धोक्याचे आहे हे धन्याला आधीच माहीत होते की काय, हाच तर अशा दाव्यातला मर्माचा प्रश्न. त्या प्रश्नाचे उत्तर आरोपी आपल्या तोंडाने लिहून देत होता! तो कळवळून म्हणाला, “तात्या, हे कोणीही सिद्ध करू शकलं नसतं! आणि फाटकावर पाटी तर होती.”

“पाटी लावली म्हणून आपण बोलावलेल्या माणसाची जबाबदारी टळते, हे तुला कोणत्या पुस्तकात सापडलं?” एवढेच बोलून तात्यांनी खबरीखाली सही केली.

तिथून ते सुभद्राबाईच्या घरी गेले. ती दारात बसली होती. तात्यांना पाहून उठू लागली, त्यांनी हातानेच थांबवले आणि तो कागद तिच्या मांडीवर ठेवला.

“बाई, हा तुमचा कागद. यात तुम्ही काय सोडून देताय ते तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. औषधपाण्याचा खर्च, बुडालेली मजुरी, फुटलेला माल, झालेला त्रास आणि हाताला काही अधूपणा राहिला तर त्याची भरपाई. हे सगळं मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीचं कार्यालय आहे. बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो. कोणता वकील चांगला, ते मला विचारू नका. मी तुमच्या विरुद्ध बाजूचा आहे.”

सुभद्राबाईच्या डोळ्यांत पाणी आले. “असं काय बोलता, तात्या? माझ्या लेकीला सासरच्यांनी टाकलं, तेव्हा तुम्हीच तिला नांदायला पाठवलंत. तुमच्याकडं मी कुठल्या तोंडानं मागू?”

“मागू नका. वसूल करा.”

तिने पट्टीचा हात पदराखालून बाहेर काढला. मग हळूच म्हणाली, “अंगठा वळत नाही, तात्या. डॉक्टर म्हणतात, आतली शीर तुटली. गिऱ्हाइकाचा पंजा आता दाबता येत नाही मला. अंगठ्याशिवाय बांगडी चढत नाही.”

श्रीरंग पुढे सरसावला. “सुभद्राबाई, मघाशी हे मला का नाही सांगितलंत?”

ती त्याच्याकडे पाहत म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात राग नव्हता, “तुम्ही विचारलंच नाही, दादा. तुम्ही कागद लिहूनच आणला होता. म्हणालात, तात्यांची इज्जत आता तुमच्या हातात आहे. मग होता तो हात पुढं केला.”

परतताना श्रीरंग रिक्षातच रडू लागला. “मी सगळं तुमच्यासाठी केलं, तात्या.”

“म्हणूनच मला भय वाटतं,” तात्या म्हणाले. “धमकी देऊन तू हा कागद घेतला असतास, तर ती भांडली असती. पैसे देऊन घेतला असतास, तर घासाघीस केली असती. तू माझा मान पुढे केलास, आणि मानापुढे तिला बोलताच येईना. अरे, माझ्या कुत्र्याने तिचा हात फोडला, तो अविचार होता. पण माझ्या चांगुलपणाने तिचं तोंड बांधलं, आणि तेही विचारपूर्वक. यातला जास्त भयंकर दंश कोणता? आजवर माझ्या व्हरांड्यात किती माणसं अशी गप्प बसून उठून गेली असतील, याचा मी मघापासून हिशेब करतो आहे, आणि तो लागत नाही.”

गावात खळबळ उडाली. कोणी म्हणाले, म्हातारा भ्रमिष्ट झाला. कोणी म्हणाले, कुत्र्याला विष घाला. तात्यांनी ते होऊ दिले नाही. “मुका जीव तो, शिक्षा माझी,” असे म्हणत त्यांनी अंगणात पक्का पिंजरा बांधला. निष्काळजीपणाबद्दल न्यायालयाने दंड केला, तो त्यांनी निमूटपणे भरला. सुभद्राबाई मात्र पंधरा दिवस घरातून हलली नाही. मग एके दिवशी ती एकटीच तालुक्याला गेली आणि त्या कार्यालयाची पायरी चढली. तिला एक तरुण वकीलबाई मिळाली. भरपाईचा दावा दाखल झाला आणि काही महिन्यांनी लोकअदालतीपुढे आला.

त्या दिवशी तात्यांना पाहून निम्मे दालन उठून उभे राहिले. सुभद्राबाईही सवयीने उठली, पण वकीलबाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती पुन्हा बसली. रक्कम वाचून दाखवण्यात आली. ती लहान नव्हती. तात्या म्हणाले, “मान्य आहे.” काम संपल्यासारखेच होते. न्यायाधीशांनी रीतीप्रमाणे विचारले, “बाई, तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे?”

सुभद्राबाई उभी राहिली. तिने तात्यांकडे पाहिले. ती बोलली तेव्हा सारे दालन दचकले.

“तुम्हाला ठाऊक होतं, तात्या! तो चावतो हे ठाऊक असून तुम्ही त्याला सोडला होता, आणि मला बोलावलंत. माझा हात गेला. तीस वर्षं बांगड्या भरणारा हात होता तो माझा!”

त्या गावात तात्यांशी असे कोणी कधी बोलले नव्हते. मागच्या बाकावरचा एक मनुष्य ‘अहो बाई’ म्हणत तिला आवरायला उठला. तात्यांनी वळून त्याला खाली बसायची खूण केली. मग ते तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले.

“होय बाई. ठाऊक होतं.”

ती खाली बसली. खूप दिवसांनी तिचा श्वास मोकळा झाला होता. श्रीरंगाने ते पाहिले आणि त्याला उमजले की भरपाईच्या रकमेइतकेच हे एक वाक्यही त्या बाईचे येणे होते, आणि आपण फळांची परडी देऊन नेमके तेच तिच्याकडून काढून घेतले होते.

क्षमा मागायला निघालेल्याने हात रिकामे ठेवावेत. त्या हातात सहीसाठी लिहून आणलेला कागद असेल, तर त्याने घरीच बसावे.