डागांचं पिल्लू

चैत्रगौर मांडली, की मला अजून आमच्या आळीतल्या आप्पासाहेब इनामदारांची आखूड पायांची डॅशंड कुत्री आठवते. तिची सगळी पिल्लं तांबूस झाली. एकच मादी राखाडी, अंगभर काळे ठिपके शिंपडल्यासारखी. आप्पासाहेबांना वाटलं, जातीला बट्टा लागला. हळदीकुंकवाच्या बायकांनी भरलेल्या ओटीवर येऊन ते गड्यावर ओरडले, "अंगावर डाग असलेलं माझ्या घरात नको. माळावर सोडून ये!"

पिल्लाचे डोळेसुद्धा उघडले नव्हते.

माझ्या जाऊबाई गोदाक्का आंब्याच्या डाळीची वाटी खाली ठेवत म्हणाल्या, "बरं तर, आप्पासाहेब. मग आधी वहिनीसाहेबांचे उतरवा."

"काय उतरवा?"

"डाग हो! ठुशी, पाटल्या, तोडे. सुनेला चार डाग घातले की घराण्याचा मान वाढतो. मग या बिचारीला देवानं जन्मतःच घालून पाठवलं, तर बट्टा कसा?"

दागिन्यांना आम्ही तेव्हा डागच म्हणायचो. बायका पदराआड हसू लागल्या. आप्पासाहेबांच्या पत्नी वहिनीसाहेब मात्र हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे हातातली पाटली काढायला घेतली.

"अगं, थांब थांब!" आप्पासाहेब घाईनं म्हणाले. "राहू देत. दोघींचेही राहू देत."