तळ निवडून आल्यावर

त्या राज्यात आकाश सगळ्यांचे होते, फांद्या मात्र वाटून दिलेल्या होत्या. पाखरांच्या प्रत्येक जातीला आपापला प्रांत होता आणि प्रत्येक प्रांताची एक जागा महावडावर होती. कोणी कुठे चरायचे, कोणत्या पाण्यावर कोणाचा हक्क, कोणाची अंडी कोणी खायची नाहीत, हे सारे त्या वडावर बसून ठरत असे. ज्या प्रांताचा तिथला प्रतिनिधी झोपाळू, त्या प्रांताची पिल्ले कमी. गोष्ट इतकी सरळ होती. तरी प्रतिनिधी निवडायची वेळ आली की ती नेमकी कोणाच्याच ध्यानात राहत नसे.

ओढ्याकाठच्या बाभळी सुगरणींच्या वाट्याला आल्या होत्या. सुगरणींमध्ये घरटे नर विणतो, पण अर्धेच. वरचे छत, दोन्ही बाजूंच्या भिंती आणि मध्ये बसण्यापुरता एक आडवा पट्टा, एवढे झाले की तो थांबतो. मग मादी येते. त्या पट्ट्यावर बसते, चोचीने पाती ओढून बघते, वाऱ्यात झोका घेऊन बघते. घरटे पसंत पडले तर नर त्याला तळ विणतो, खाली उतरणारी नळी जोडतो आणि मग संसार सुरू होतो. पूर्ण झालेल्या घरट्यावर मात्र दुसऱ्या मादीने पाय ठेवायचा नाही, त्याच्याकडे निरखून बघायचेही नाही. पूर्ण घरटे म्हणजे दुसरीचे घर. घरटी विणण्यापुरती ही रीत शहाणपणाचीच होती.

अडचण अशी की निवडणूकही त्याच रीतीने होई. पारख माद्यांची, म्हणून मतही माद्यांचेच. उमेदवाराने आपल्या फांदीवर अर्धी घरटी टांगायची, माद्यांनी ती ओढून बघायची, आणि ठरलेल्या सकाळी आपल्या पसंतीच्या उमेदवाराच्या फांदीवर जाऊन बसायचे. ज्याची फांदी जास्त वाकेल तो महावडावर जाई. असे का, हे कोणी विचारत नसे. बापजाद्यांपासून चालत आलेल्या गोष्टीला का विचारणे हे त्या प्रांतात उद्धटपणाचे समजले जाई.

त्या वेळी महावडावरच्या जागेवर बोरूनाना होते. चोच झिजलेली, आवाज बसलेला, बोलणे कंटाळवाणे. पण त्यांनी एक काम केले होते. पूर्वी कावळे ओढा ओलांडून सर्रास येत आणि घरट्यांच्या नळीत चोच घालून अंडी नेत. नानांनी वडावर भांडून भांडून काठबंदी मंजूर करून घेतली. पहिले हिरवे पाते फुटल्यापासून शेवटचे पिल्लू उडेपर्यंत एकाही कावळ्याने ओढा ओलांडायचा नाही, असा तो ठराव होता. कावळ्यांचा प्रांत मोठा, वडावर त्यांचा दरारा मोठा. नानांचा आवाज बसला तो त्याच भांडणात. पण ठरावाची मुदत नानांच्या मुदतीएवढीच होती. पुढे जो निवडून येईल त्याने तो पुन्हा मंजूर करून घ्यायचा होता.

काठबंदीनंतर जन्मलेल्या माद्यांनी कावळा फक्त लांबून पाहिला होता. त्यांना तो जरा मोठा, जरा काळा, एवढेच वाटे. सावरी तशी नव्हती. ती म्हातारी होत आली होती आणि तिने कावळे जवळून पाहिले होते. तरुणपणी तिची अंडी तिच्या डोळ्यांदेखत गेली होती. काठबंदी आली, मग पिल्ले झाली, उडाली. पण गेल्या हंगामात तिला घरटेच मिळाले नाही. थकलेल्या पंखांनी ती पोहोचेपर्यंत तरण्या माद्यांनी चांगली घरटी धरलेली होती. हा हंगाम तिचा शेवटचा. या खेपेला एक घर आणि त्यात निदान एक पिल्लू, याहून तिला दुसरे काही नको होते.

नानांनी आपल्या फांदीवर माद्यांना बोलावले आणि नेहमीप्रमाणे रटाळ बोलले. "काठबंदीची मुदत संपत आलीये. ती पुन्हा मंजूर करून घ्यायची तर कावळ्यांशी कुठं अडून बसायचं, हे मला ठाऊक आहे."

"ते झालं हो नाना," एक तरणी मादी म्हणाली, "पण घरटं कुठंय?"

नानांनी मागे बघितले. त्यांच्या फांदीवर एकच घरटे होते, तळासकट, नळीसकट, ज्यातून कितीतरी पिल्ले उडाली होती असे. माद्यांनी लाजून माना वळवल्या. दुसरीच्या घरात कोण डोकावणार? थोड्या वेळाने त्या एकेक करून उडून गेल्या.

नानांची बायको, जिला सगळे नानी म्हणत, हे सारे आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, तळ उसवा याचा नि लावा अर्धं करून. त्यांना अर्धंच कळतं."

"आपली पोरं वाढली ना गं त्यात," नाना म्हणाले. "ते उसवून दाखवू?"

"मग बसा पूर्ण घेऊन," नानी म्हणाली. ती रागावली होती, पण नवऱ्यावर नाही.

दुसरा उमेदवार झुंबरराव. छातीवर पिवळाधमक रंग, गळ्यात गोडवा आणि मागे तरण्या नरांचा थवा. त्याने स्वतः किती पाती विणली देव जाणे, पण तो थवा पहाट झाली की कामाला लागे. बघता बघता बाभळीबाभळीला अर्धी घरटी लोंबू लागली. प्रांताने इतकी घरटी एका हंगामात कधी पाहिली नव्हती. वारा सुटला की सगळी एकदम डुलत आणि माद्यांचे डोळे दिपत. काठची कोवळी पाती त्यापायी ओरबाडून निघाली. पण हिरव्या पात्यांचा विचार हिरवळीच्या दिवसांत कोणी करत नाही.

झुंबरराव प्रत्येक मादीला एकटीला गाठी. सावरीलाही त्याने गाठले आणि ओढ्याकाठच्या एका वाकड्या बाभळीवर नेले. घरटे झकास होते. तिने पाती ओढून पाहिली. निघाली नाहीत. झोका घेतला. कुठे करकर नाही.

"मावशी, हे खास तुमच्यासाठी," तो म्हणाला. "कुणाजवळ बोलू नका बरं का, उगाच बाकीच्यांची मनं दुखतील."

सावरीला भरून आले. इतक्या वर्षांत तिच्यासाठी म्हणून कोणी काही विणले नव्हते. तरी तिने विचारले, "आणि तळ?"

"तळ निवडून आल्यावर! मावशी, तुम्हाला का मी रीत शिकवायची? निवडल्याशिवाय कुठला नर तळ विणतो?"

हे खरेच होते. मग तिने मनातले विचारले. "आणि कावळे रे? काठबंदीचं काय?"

झुंबरराव हसला. "कावळ्याच्या शापानं गाय मरत नसते, मावशी. मी वडावर असताना एका तरी कावळ्यानं आपल्या फांदीला पाय लावून दाखवावा!"

असे बोलणे नानांनी कधी केले नव्हते. नाना मुदत म्हणत, ठराव म्हणत, अडून बसणे म्हणत. सावरी घरट्यातल्या पट्ट्यावर बसून राहिली आणि तिने स्वतःची समजूत घातली की जो इतके मजबूत घरटे बांधतो तो कावळ्यांनाही पुरून उरेल.

ठरलेल्या सकाळी झुंबररावाची फांदी अशी वाकली की शेंडा पाण्याला टेकला. नानांच्या फांदीवर नानी होती आणि जिला आता नीट दिसत नसे अशी एक आजी. सावरीने एकदा त्या फांदीकडे पाहिले. पण तिला घर हवे होते आणि घर हवे असणे हा काही गुन्हा नव्हे. ती झुंबररावाच्या फांदीवर कडेला जाऊन बसली.

झुंबरराव महावडावर गेला आणि त्याचा थवाही गेला. एवढा मोठा प्रतिनिधी एकटा कसा जाणार? काहींनी त्याच्या मागे बसायचे, काहींनी तो बोलला की चिवचिवाट करायचा, काहींनी प्रांतात निरोप पोहोचवायचे. विणायला म्हणून मागे कोणी राहिले नाही.

काठबंदीचा विषय निघाला तेव्हा कावळ्यांचा प्रतिनिधी मोठ्या अदबीने उठला. तो म्हणाला, ओढा ओलांडू नका हे आमच्या जातीला फार लागते, दुसरे काही शब्द शोधता आले तर बरे. झुंबरराव छाती काढून म्हणाला, शब्द कोणतेही असोत, कावळा आमच्या फांदीवर बसता कामा नये! कावळ्याने मान तुकवली आणि म्हणाला, ठीक आहे, नाही बसणार. तो इतक्या चटकन कबूल झाला की पलीकडे डोळे मिटून बसलेल्या बगळ्यांनीही एक डोळा उघडला. झुंबररावाला त्या दिवसापासून वडावर खोडाजवळची उबेची जागा मिळाली.

निरोप्यांनी बातमी आणली आणि बाभळींवर जल्लोष झाला. "एकही कावळा फांदीवर बसणार नाही! कायम! मुदत नाही, काही नाही!" बोरूनानांनी तेवढ्यात बसक्या आवाजात विचारले, "ठरावात ओढ्याचं नाव आहे का?" निरोपे एकमेकांकडे बघून हसले. कोल्ह्याला द्राक्षे आंबट, असे कोणीतरी मोठ्याने म्हणाले आणि नानांनी पुढे विचारले नाही.

मग माद्या आपापल्या घरट्यांकडे निघाल्या. वाकड्या बाभळीवर सावरी पोहोचली तर तिच्या घरट्यात आधीच एक तरणी मादी बसलेली, आणखी दोघी वर घिरट्या घालताहेत.

"हे माझं आहे, त्यांनी मला सांगितलंय."

"मलाही सांगितलंय. खास माझ्यासाठी म्हणाले."

बाभळीबाभळीवर हाच कलकलाट चालला होता. पिसे उपटेपर्यंत भांडणे झाली आणि मग ती आपोआप मिटली, कारण अर्धी घरटी मुबलक होती, प्रत्येकीला एक येऊन वर उरत होती. भांडण्यासारखे त्यांत काही नव्हतेच. तळ एकालाही नव्हता.

माद्यांनी महावडावर निरोप धाडला. उत्तर आले की वरचे काम समाधानकारक झाले आहे आणि तळाच्या कामाचा विचार चालू आहे. पुन्हा निरोप धाडला. उत्तर आले की विरोधक अफवा पसरवत आहेत. तिसऱ्या वेळी निरोपे नुसते उत्तर देऊन थांबले नाहीत, जाताना प्रतिनिधींच्या नावाचा जयघोषही करून घेऊन गेले.

तोवर ऊन चढले होते. पाती पिवळी पडून कडक झाली होती. कावळेही येऊ लागले. त्यांनी ठराव अक्षरशः पाळला. ओढा ओलांडून ते जमिनीवर उतरत आणि कोंबड्यांसारखे बाभळींखाली चालत फिरत. फांदीला एकाचाही पंख लागला नाही. तरण्या माद्या वरून बघून हसल्या. हे का ते कावळे, असे म्हणाल्या. सावरी हसली नाही. तिच्या पोटात अंडे जड होत चालले होते.

ती बोरूनानांकडे गेली. त्यांच्या फांदीवर बसताना तिला शरम वाटली. "नाना, माझं चुकलं," ती म्हणाली. "पण नुसतं तेवढं सांगायला नाही आले. मला तळ तेवढा विणून द्या. छोटा चालेल."

नाना तिच्याबरोबर आले. त्यांनी काठावरून एक पाते आणले आणि पट्ट्यातून ओवायला गेले. ते मोडले. दुसरे आणले, तेही मोडले. संध्याकाळपर्यंत ते आणत राहिले आणि मोडलेली पाती घरट्याखाली पडत राहिली.

"हिरवं असतं तर वळलं असतं गं पोरी," ते म्हणाले. "वाळलेलं पातं वळत नाही." आणि ते तिच्याकडे न बघता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सावरीने आपल्या परीने करून पाहिले. मादीला विणता येत नाही, फार तर अस्तर घालता येते. तिने मऊ कापूस आणला, कणसांची लव आणली, स्वतःची छातीची पिसे उपटली, आणि जिथे तळ असायला हवा होता तिथे ती सारी धरून ठेवली. चोच उघडली की सारे खाली जाई. तिने पुन्हा आणले. पुन्हा गेले. शेवटी तिच्यात बळ राहिले नाही. अंडे थांबणार नव्हते. उडायचे म्हटले तरी जाणार कुठे? दुसरी घरटी अशीच होती.

ती पट्ट्यावर पाय रोवून बसली आणि तिने खाली पाहिले.

बरोबर तिच्याखाली, जमिनीवर, एक कावळा काम करत होता. पडलेली पाती तो एकेक उचलून गोल रचत होता. त्यावर त्याने कापूस पसरला, मग कणसांची लव, मग तिची पिसे. मध्ये छाती टेकवून, गोल फिरून त्याने सुबक खळगा केला, जेणेकरून वरून काही पडले तर फुटू नये. एक पीस बाहेर राहिले होते, तेही त्याने हळूच आत खोचले.

इतका नेटका तळ सावरीने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

कावळा एक पाऊल बाजूला झाला, ठरावाप्रमाणे फांदीपासून दूर राहिला, आणि अदबीने वर बघत उभा राहिला.