उजवीकडून वाचायचं पुस्तक

अडखळत बोलते म्हणून करमळकर सरांनी ऋजुताला वक्तृत्व स्पर्धेतून वगळलं. वर तिचं लाडकं जपानी मांगा कॉमिकही ओढून घेतलं. अचाट शक्तीच्या पोरांच्या शाळेची गोष्ट होती ती. सरांनी ते सवयीने डावीकडून उघडलं, भराभर चाळलं आणि वर्गासमोर खो खो हसले.

"सुरुवातीला आभाळात उडणारा पोरगा शेवटी मुळूमुळू रडतोय! हेच शिकवलं होय त्याच्या शाळेनं?"

वर्गासमोर बोलायची ऋजुताला भीती वाटायची. पण त्या रडणाऱ्या पोराला एकटं कसं सोडायचं?

"स-सर, हे उजवीकडून वाचतात. तुम्हाला जो शेवट वाटला, ती त्याची सु-सुरुवात आहे."

सरांनी पुस्तक पुन्हा चाळलं, या खेपेला उजवीकडून. रडणारा पोरगा शेवटच्या पानावर आभाळात उडत होता. मग ते हळूच तिच्या हातात ठेवलं.

"स्पर्धेत तूही बोल," ते म्हणाले. "सावकाश बोल. मी शेवटपर्यंत ऐकेन."