दारातला फणसांबा

समुद्राकडे उतरत गेलेल्या एका गावात विसाजी नावाचा गृहस्थ राहत होता. घरात तो आणि त्याची बायको द्वारका, दोघंच. दारात जुना फणस, फणसाखाली गोठा.

एका वर्षी त्या फणसाच्या खोडावर फळीसारखी आडवी, लाकडाइतकी कडक अळंबी उगवली. गावात तिला फणसांबा म्हणत. तान्ह्या मुलाचं तोंड आलं की फणसांबा तुपात उगाळून लावायचा, अशी तिथली रीत. आसपास दुसऱ्या कुठल्याच झाडावर तो नव्हता. बायाबापड्या विसाजीच्या दारी येऊ लागल्या. तो तुकडा काढून द्यायचा, कसा लावायचा ते समजावून सांगायचा. आजवर पंगतीत ज्याला कुणी जागा करून दिली नव्हती, त्याला लोक 'वैद्यबुवा' म्हणू लागले.

फणसांबा वाढत गेला, एकावर एक थर चढले. झाडाला मात्र फळ धरेना.

एकदा द्वारकेने खोडावर कोयत्याची मूठ आपटली. "ऐकलंत? आतून पोकळ वाजतंय. ही अळंबी झाडाला खातेय. झाड गोठ्यावर कोसळायच्या आत तोडून घ्या."

"तोडू? मग या दारात कोण येईल?"

"निदान गोठा तरी हलवू या."

"म्हणजे वैद्यबुवालाच आपल्या झाडाची भीती वाटते, असं लोकांनी म्हणायचं?"

द्वारका कोयता उचलून गोठ्याकडे वळली.

पुढच्या वैशाखात भर दुपारी वावटळ उठली. गाय हंबरू लागली म्हणून द्वारका तिला सोडायला धावली. गाय बाहेर आली, द्वारका आली नाही. फणस बुंध्यातून मोडला होता. आत लाकूड नव्हतंच, नुसता भुसा.

तिला अग्नी देऊन सगळे परतले. विसाजी अंगणात बसून राहिला. शेजारचा सुतार हळूच म्हणाला, "झाड पोकळ झालंय, हे आम्हाला केव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

उत्तर सुताराच्या बायकोने दिलं, "तुम्ही झाड तोडलं असतंत, तर आमच्या पोरांना औषध कुठून आणायचं?"

विसाजी तिच्यावर ओरडायला उठला. पण द्वारकेने तर सांगितलं होतं. तो तसाच खाली बसला.

तात्पर्य एवढंच: ज्यांचं आपल्यामुळे काम भागतं, ते आपलं घर पोखरलं जात असताना गप्प राहतात, आणि जे माणूस बोलतं, त्याचं आपण ऐकत नाही.