झिपरीचा दाणा आणि नानांचा पासवर्ड

एक होती खार. तिचं नाव झिपरी. शेपूट एवढं मोठं, बाकी सगळी एवढीशी.

झिपरीचं घर रामफळाच्या झाडावर. घरात एक बाळ. बाळाला दुधाशिवाय काही माहीत नाही. पण आज बाळाचं उष्टावण. उष्टावण म्हणजे पहिला घास. घास शेंगदाण्याचा. संध्याकाळी मामा येणार आणि बाळाला घास भरवणार.

झिपरीने एक दाणा आणला. आणला म्हणजे उचलला. झाडाजवळच्या घरात राहणाऱ्या नानांच्या बशीतून. बशीतला शेवटचा दाणा होता. बाकीचे सगळे नानांनीच खाल्ले होते, मग झिपरीला कशाला नावं ठेवायची?

दाणा तोंडात धरून झिपरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, शेपूट फुर्र.

वाटेत होता प्रिंटर. प्रिंटरवर होती धूळ. धूळ गेली नाकात.

आऽऽक् छी.

दाणा सुटला. टप्. प्रिंटरच्या पाठीला एक फट असते, कागद घालायची. दाणा गेला त्या फटीत. गडगड गडगड, पार आत.

झिपरीचं तोंड रिकामं. डोळे भरलेले.

झिपरी म्हणाली, "प्रिंटरदादा, प्रिंटरदादा, माझा दाणा दे ना."

प्रिंटर म्हणाला, "मी उगाच तोंड उघडत नाही. आधी कॉम्प्युटर सांगू दे, मग मी छापीन. छापताना तोंड उघडेन. जा, कॉम्प्युटरकडे जा."

झिपरी गेली कॉम्प्युटरकडे. तुरुतुरु, तुरुतुरु, शेपूट फुर्र.

"कॉम्प्युटरकाका, कॉम्प्युटरकाका, प्रिंटरला सांगा ना."

"का गं?"

"प्रिंटर छापेना,
माझा दाणा मिळेना,
बाळाचं उष्टावण काही होईना."

कॉम्प्युटर म्हणाला, "मला कुलूप आहे. आधी नाना पासवर्ड टाकू देत, मग मी उघडेन. जा, नानांकडे जा."

नाना समोरच बसले होते, डोक्याला हात लावून. नानांना भरायचा होता एक अर्ज. आजोबांसाठी असलेल्या पोहण्याच्या शर्यतीचा. आज अर्जाचा शेवटचा दिवस. सकाळपासून नाना आणि कॉम्प्युटर एकमेकांकडे बघत बसले होते.

झिपरी गेली नानांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु, शेपूट फुर्र.

"नाना, नाना, पासवर्ड टाका ना."

"का गं?"

"कॉम्प्युटर उघडेना,
प्रिंटर छापेना,
माझा दाणा मिळेना,
बाळाचं उष्टावण काही होईना."

नाना म्हणाले, "पासवर्ड मी लिहून ठेवला होता. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरवर. आता कॅलेंडरच सापडत नाही. नवा पासवर्ड करायचा, तर आधी मोबाइलवर ओटीपी येऊ दे. ओटीपी म्हणजे सहा आकडे. ते आले, मग मी टाकीन. जा, मोबाइलकडे जा."

हसू नका. तुमच्याही घरात असं कुणीतरी आहे.

झिपरी गेली मोबाइलकडे. मोबाइल गादीवर पालथा पडला होता. तुरुतुरु, तुरुतुरु, शेपूट फुर्र.

"मोबाइलभाऊ, मोबाइलभाऊ, आकडे आण ना."

"का गं?"

"नानांना आठवेना,
कॉम्प्युटर उघडेना,
प्रिंटर छापेना,
माझा दाणा मिळेना,
बाळाचं उष्टावण काही होईना."

मोबाइल अगदी बारीक आवाजात म्हणाला, "पोटात कण नाही. आधी चार्जर लागू दे, मग मी जागा होईन. जा, चार्जरकडे जा."

झिपरी गेली चार्जरकडे. चार्जर जमिनीवर लोळत होता. तुरुतुरु, तुरुतुरु, शेपूट फुर्र.

"चार्जरबाळा, चार्जरबाळा, मोबाइलला लाग ना."

"का गं?"

"मोबाइल जागेना,
नानांना आठवेना,
कॉम्प्युटर उघडेना,
प्रिंटर छापेना,
माझा दाणा मिळेना,
बाळाचं उष्टावण काही होईना."

चार्जर म्हणाला, "मी लागलेलाच होतो. माईंनी मला उपटलं आणि तिथे मिक्सर लावला. आधी मिक्सर निघू दे, मग मी लागेन. जा, माईंकडे जा."

माई म्हणजे नानांची बायको. घरात खरं राज्य त्यांचं. झिपरी गेली स्वयंपाकघरात. तुरुतुरु, तुरुतुरु, शेपूट फुर्र.

"माई, माई, मिक्सर काढा ना."

"का गं?"

"चार्जर लागेना,
मोबाइल जागेना,
नानांना आठवेना,
कॉम्प्युटर उघडेना,
प्रिंटर छापेना,
माझा दाणा मिळेना,
बाळाचं उष्टावण काही होईना."

माई म्हणाल्या, "चटणी झाल्याशिवाय मी मिक्सर काढत नाही. चटणीला खोबरं हवं. खोबरं खवायला विळी हवी. आणि मिटलेल्या विळीवर कोण पसरलंय ते बघ. त्याला उठवलं की तो बोचकारतो. आधी बोका उठू दे, मग मी खोबरं खवीन. जा, बोक्याकडे जा."

विळीवर होता ढमाल्या बोका. पोट विळीवर, पाय विळीबाहेर.

झिपरी दोन पावलं मागे सरली. बोके खारींना खातात, हे तिला ठाऊक होतं. पण बाळाचा घास होता. झिपरी गेली. तुरु... तुरु... शेपूट गप्प.

"बोकोबा, बोकोबा, उठता का जरा?"

"का गं?"

"माईंची चटणी होईना,
चार्जर लागेना,
मोबाइल जागेना,
नानांना आठवेना,
कॉम्प्युटर उघडेना,
प्रिंटर छापेना,
माझा दाणा मिळेना,
बाळाचं उष्टावण काही होईना."

बोक्याने एक डोळा उघडला. म्हणाला, "मी तुला खात नाहीये, हीच मोठी मदत समज. इथे ऊन आहे, म्हणून मी आहे. आधी ऊन सरकू दे, मग मी उठेन. जा, उन्हाकडे जा."

आणि डोळा मिटला.

ऊन येत होतं खिडकीतून. झिपरी चढली खिडकीत. तुरुतुरु, तुरुतुरु, शेपूट फुर्र.

"उन्हा, उन्हा, सरक ना."

"का गं?"

झिपरीने मोठा श्वास घेतला.

"बोका उठेना,
माईंची चटणी होईना,
चार्जर लागेना,
मोबाइल जागेना,
नानांना आठवेना,
कॉम्प्युटर उघडेना,
प्रिंटर छापेना,
माझा दाणा मिळेना,
बाळाचं उष्टावण काही होईना."

ऊन म्हणालं, "मी कुणाच्या सांगण्याने सरकत नाही. संध्याकाळी जाईन, तेव्हा जाईन."

संध्याकाळी? संध्याकाळी तर मामा येणार.

आता मात्र झिपरी चिडली. आठ जणांकडे गेली. सात जणांनी दुसऱ्याकडे बोट दाखवलं. ज्यांना बोट नाही, त्यांनीसुद्धा. आठव्या उन्हाने तर सरळ नकारच दिला.

रागाने तिचं शेपूट फुललं. फुललं, फुललं, झाडूएवढं झालं. उन्हाच्या आड उभं राहिलं. शेपटाची सावली पडली. कुठे पडली? बोक्याच्या पोटावर.

"हूं," बोका म्हणाला. "गार लागतंय."

बोका सरकला इकडे. झिपरीने शेपूट हलवलं. सावली आली इकडे.

बोका सरकला तिकडे. झिपरीने शेपूट हलवलं. सावली आली तिकडे.

"काय कटकट आहे," बोका म्हणाला. उठला, आळस दिला आणि पलंगाखाली निघून गेला.

बोका उठला, विळी मोकळी झाली.

माईंनी खोबरं खवलं. खर्र खर्र.

मिक्सर फिरला. घुर्रर्र. चटणी झाली.

मिक्सर निघाला, चार्जर लागला. खट्.

मोबाइलने डोळे उघडले. टिंग.

कॉम्प्युटर म्हणाला, "नाना, 'पासवर्ड विसरलात का' असं लिहिलंय, तिथे टिचकी मारा."

"कुठे लिहिलंय?"

"खाली."

"खाली कुठे?"

"आणखी खाली. नाना, ते टेबल आहे. माझ्या तोंडावर बघा."

नानांना सापडलं. टिचकी मारली. मोबाइलवर आले सहा आकडे.

आकडे लवकर लिहायचे असतात. थांबलं की ते शिळे होतात. आणि नाना लिहितात एका बोटाने. एक आकडा सापडेपर्यंत चहा गार होतो.

झिपरी म्हणाली, "नाना, तुम्ही वाचा. मी त्या बटणावर उडी मारते."

मोबाइल म्हणाला, "ओटीपी कुणाला सांगायचा नसतो."

नाना म्हणाले, "कुणाला म्हणजे माणसाला. ही खार आहे."

"चार." टुण्.
"नऊ." टुण्.
"दोन." टुण्.
"परत दोन." टुण्.
"सात." टुण्.
"शून्य." टुण्.

नवा पासवर्ड झाला. कॉम्प्युटर उघडला.

नानांनी अर्ज भरला. नाव लिहिलं. गाव लिहिलं. वय लिहिलं, जरा कमी करून. झिपरीने ते पाहिलं, पण ती काही बोलली नाही. दाणा अजून आतच होता.

"आता छाप," कॉम्प्युटर म्हणाला.

प्रिंटर खोकला. घर्र घर्र. खुर्र. थुक्.

आधी आला दाणा. मग आला अर्ज, त्याच्यावर एक तेलकट डाग.

झिपरीने दाणा उचलला. दोन्ही हातांनी घट्ट धरला. तिला इतका आनंद झाला की तुरुतुरु करायचंही सुचेना.

माई म्हणाल्या, "उष्टावण आहे आणि एकच दाणा? मामा काय नुसता बघत बसेल?"

माईंनी फळीवरचा दाण्याचा डबा उचलला. डब्याखाली अंथरला होता एक कागद.

नाना बघतच राहिले. ते होतं मागच्या वर्षीचं कॅलेंडर. कोपऱ्यात नानांच्या अक्षरात लिहिलेला पासवर्ड.

नानांनी माईंकडे बघितलं. माईंनी पंख्याकडे बघितलं.

"कागद जाड होता," माई म्हणाल्या.

मग नानांनी नवा पासवर्ड नीट लिहून ठेवला. कुठे? या वर्षीच्या कॅलेंडरवर.

झिपरी घरी निघाली. एक दाणा तोंडात, माईंनी दिलेले दोन गालांत. तुरुतुरु, तुरुतुरु, शेपूट फुर्र.

संध्याकाळ झाली. ऊन सरकलं, आपल्या मर्जीने. मामा आला. मामाने दाणा कुरतडून मऊ केला. पहिला घास बाळाच्या तोंडात ठेवला.

बाळाने तोंड वाकडं केलं. नाक मुरडलं. डोळे बारीक केले.

झिपरी आणखी जवळ सरकली. आठ जणांचे उंबरे झिजवले ते याच घासासाठी.

बाळाने घास गिळला. मग पुन्हा तोंड उघडलं, एवढं मोठं. आणि म्हणालं, "अजून."

दाणा गेला पोटात, गोष्ट राहिली ओठात.