शेंदराखालचा पाणोबा

एका गावात एक देव होता आणि त्या देवाचा एक गुरव होता. देवाचं नाव पाणोबा, गुरवाचं रायाजी. पाणोबा म्हणजे तळ्याच्या बांधाखाली उभा असलेला कमरेइतका उंच धोंडा. दर पाडव्याला तेलात कालवलेल्या शेंदराचा एक थर त्याच्यावर चढे. वर्षानुवर्षं थर चढून देव असा गुटगुटीत झाला होता, की तो मुळात कसा होता हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नसे.

पाच गावांचं पाणोबाकडे एकच मागणं असे, पाणी. आता पाणी तर डोळ्यांसमोर होतं. तळं काठोकाठ भरलेलं असे. पण पाणी सोडायची मोरी जहागीरदाराच्या ताब्यात होती. "तळं माझ्या आजोबांनी बांधलं," असं तो सांगे. जो त्याच्या शेतात वेठीला राबेल, त्याच्याच वाफ्यात पाणी जाई. माणसं दिवसभर राबत, संध्याकाळी पाणोबापुढे नारळ फोडत आणि घरी जाऊन पडत.

एके सकाळी रायाजी पूजेला गेला, तर पाणोबाचं शेंदराचं कवच गळून खाली पडलं होतं. असं झालं तर काय करायचं, हे बापाने त्याला सांगून ठेवलं होतं. देवाकडे मान वर करून बघायचं नाही, कवच नदीत सोडायचं आणि सूर्य मावळायच्या आत नवा लेप द्यायचा. बापाच्या किंवा आजाच्या हयातीत मात्र ती वेळ आली नव्हती.

रायाजीने बघितलं. माणूसच तो, बघणारच. देवाला नाक नव्हतं, डोळे नव्हते. वर चंद्र-सूर्य, त्याखाली गाय आणि वासरू, आणि त्याखाली अक्षरांच्या ओळीच ओळी. रायाजीला वाचता येत नव्हतं. पण हा देव नाही, एवढं त्याला कळलं.

त्याची बायको भागू मागून आली. तिनेही पाहिलं.

"लेप चढवा आन् गप बसा," ती म्हणाली. "उद्या राजाची स्वारी यायचीय दर्शनाला. आपली चूल ह्याच्यावर पेटती."

रायाजीने शेंदूर कालवला. हात दगडापर्यंत नेला आणि तिथेच थांबला.

"भागू, एवढी अक्षरं कुणी उगा कोरत नाही. त्याला काहीतरी सांगायचं होतं. आपण सात पिढ्या त्याचं तोंड लिंपत आलो."

त्या दिवशी लेप चढला नाही. कवचही नदीत गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी राजा आला. सोबत दरबारचे म्हातारे शास्त्रीबुवा होते आणि यजमान म्हणून जहागीरदार होता. उघडा पाणोबा पाहून गावकरी खवळले. जहागीरदार तर गुरवाला झाडाला बांधायला निघाला. रायाजी मात्र पुढे झाला.

"महाराज, हा देव न्हाई. लिहिलेला धोंडा हाय. आधी ते वाचून घ्या, मग मला काय ती शिक्षा करा."

शास्त्रीबुवा गुडघे टेकून बसले. अक्षरं झिजलेली होती, लागेनात. त्यांनी मूठभर पीठ मागितलं, आणि ते आणायला सगळ्यांत आधी धावली ती भागू. पीठ चोळताच अक्षरं पांढरी होऊन उठून दिसली. शास्त्रीबुवा सावकाश वाचू लागले.

"राणी नागलदेवीने हे तळे बांधिले. याचे पाणी पाचा गावांचे. चंद्रसूर्य असेतो कोणी अडवू नये. अडवील तो राजद्रोही."

जहागीरदाराचा चेहरा उतरला, पण तोंड बंद झालं नाही.

"लबाडी आहे महाराज. या गुरवानेच परवा कोरून घेतलं असेल."

रायाजीने घरातून कवच उचलून आणलं आणि राजापुढे पालथं केलं. आतल्या बाजूला तीच अक्षरं उलटी उमटलेली होती. कडेला शेंदराचे थर एकावर एक स्पष्ट दिसत होते, वर्षाला एक. शास्त्रीबुवांनी ते नखाने मोजले. एकशे बारावर त्यांचं नख थांबलं. खाली अजून थर होतेच.

"जहागीर तुमच्या आजोबांना मिळून किती वर्षं झाली?" राजाने विचारलं.

"साठ," जहागीरदार पुटपुटला.

राजाने तिथल्या तिथे मोरी उघडायला लावली. पाणी पाटातून धावत सुटलं आणि माणसं त्याच्या बरोबरीने पळत सुटली, पाचही गावांपर्यंत. वेठ त्या दिवसापासून संपली. पाण्याची वाटणी कुणाच्या हाती द्यायची, असा प्रश्न निघाला तेव्हा पाच गावांनी एकमुखाने रायाजीचं नाव घेतलं. तो पाटकरी झाला. भागूची चूल पूर्वीपेक्षा जास्त पेटू लागली.

गावातली एक म्हातारी मात्र दगडासमोर बराच वेळ उभी होती. शेवटी ती त्याला म्हणाली, "बाबा, साऱ्या जन्माचं पाणी तुझ्याकडंच मागितलं. तू तर कवाच दिलं होतंस. आमीच तुला बोलू दिलं न्हाई."

तात्पर्य: पूर्वजांनी मागे ठेवलेल्याला नुसते हात जोडू नयेत, ते वाचावं, आणि वाचल्यावर जे खरं निघेल ते आपल्या पोटावर येणारं असलं तरी चारचौघांत सांगावं.