खडकउतारात खानावळ बोटाने दाखवत नाहीत

खडकउतारच्या स्टँडवर उतरून तुम्ही तिघांना विचारलंत, इथं चांगलं जेवण कुठं मिळतं. पानवाल्यानं दुसरीकडे पाहिलं. रिक्षावाला म्हणाला, माझं जेवण झालंय. तिसरा मी. मी छत्री उचलून तुमच्याबरोबर चालू लागलो, तेव्हा तुमच्या मंडळींना वाटलं असेल, म्हातारा फुकटचं जेवायला मागे लागला. वाटू द्या. आमच्या गावात खानावळ बोटानं दाखवायची नाही, अशी रीत आहे. ज्या जागेचं नाव घ्यायचं, तिथं पाहुण्याबरोबर जायचं आणि पहिला घास आपण खायचा. पोट भरलेलं असेल तर नावच घ्यायचं नाही. ताट यायला वेळ आहे, तोवर या रितीमागची गोष्ट ऐका. गोड नाही, हे आधीच सांगतो.

नदीवर पूल नव्हता तेव्हाचं हे. पलीकडून येणारा प्रत्येक माणूस होडीनं यायचा, आणि होडी होती भिवजी नावाड्याची. उतरलेला माणूस भुकेला असायचा. तो विचारायचा आणि भिवजी वल्हं बगलेत धरून बोट दाखवायचा. वीस वर्षांत त्याचा शब्द खाली पडला नव्हता, असं सांगतात. भिवजीनं सांगितलं म्हणजे झालं, असं लांबच्या बाजारातही लोक म्हणत. हे ऐकायची एकदा सवय लागली की माणूस कामातून जातो.

त्याचं बोट बहुतेक वेळा गोदूबाईच्या खानावळीकडे जायचं. गोदूबाई एकटी बाई, नवरा लवकर गेलेला. तिच्या चिंचगुळाच्या आमटीसाठी वाटसरू एक मुक्काम वाढवत, म्हणे.

एका वर्षी वरच्या मुलखात तापाची साथ आली आणि कल्हईवाला इकडे फिरकलाच नाही. तुमच्या घरी आता स्टीलची भांडी, म्हणून सांगतो. पितळेच्या पातेल्याची आतली कल्हई उडाली की त्यात आंबट पदार्थ कळकतो आणि पोटात विषासारखा जातो. गोदूबाई मातीच्या गाडग्यात दोघा-तिघांपुरतंच रांधू लागली. एका सकाळी ती स्वतः नदीवर आली. भिवजी एकटाच होडीतलं पाणी उपसत होता.

"दादा, पातेल्यांची कल्हई उडालीया. कल्हईवाला येईस्तवर मानसं धाडू नगा."

"बरं," भिवजी म्हणाला.

चार दिवसांनी पलीकडून एक लग्नाचं वऱ्हाड आलं. नवरी आणि तिचा म्हातारा बाप धरून अठरा माणसं. बाप म्हणाला, "तुमचं नाव ऐकून आलोय, भिवजीबुवा. पोर उद्या परक्याची हुणार. आज तिला चांगलं चार घास मिळू द्या." भिवजीला गोदूबाईचं सांगणं आठवत होतं. पण अठरा माणसांदेखत 'या खेपेला माझ्याकडे सांगायला जागा नाही' असं म्हणणं त्याच्या जिवावर आलं. बोट उठलं. वर म्हणाला, आमटी मागून घ्या.

गोदूबाईनं आधी नकार दिला, असं सांगतात. पण ऊन डोक्यावर आलेलं, बायका ओसरीवर बसलेल्या, आणि भिवजीनं माहीत असूनही पाठवलंय म्हणजे काही अडचण असेल, असं तिला वाटलं. अठरा माणसांना गाडगं कसं पुरणार? तिनं मोठं पातेलं चढवलं. उतरवल्याबरोबर वाढायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण मंडळी आंघोळीला नदीवर गेली ती लवकर परतली नाहीत, आणि आमटी पातेल्यातच राहिली. दुपार कलताना सगळ्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या. सतराजण वाचले. नवरीचा बाप गेला.

पंच बसले. गोदूबाई म्हणाली, "म्या दादाला सांगितलं हुतं, मानसं धाडू नगा म्हून." सगळ्यांनी भिवजीकडे पाहिलं. तो म्हणाला, "मला ती काही बोलली नाही." वीस वर्षांत खाली न पडलेला शब्द त्या दिवशीही पडला नाही. तिची चूल पहारीनं फोडली, पातेली चेचली आणि तिला गावाबाहेर काढलं. जायला वाट नदीवरूनच होती आणि होडी एकच. भिवजीनंच तिला पलीकडे सोडलं.

बापाचे दिवस करून तेराव्यानंतर नवरी परत निघाली. होडीत चढण्याआधी तिनं भिवजीला एवढंच विचारलं, "आबा, तुमी तितं शेवटचं कवा जेवला हुता?"

भिवजी आठवू लागला. पाच वर्षं झाली असतील, की सहा? त्याला सांगता येईना. मग होडी तिथंच सोडून चावडीवर गेला आणि आपण खोटं बोललो, हे गावासमोर कबूल केलं. गोदूबाईला शोधायला तो पलीकडची गावं पालथी घालून आला. ती सापडली नाही. त्यानंतर मरेपर्यंत त्यानं एकाही वाटसरूला बोट दाखवलं नाही. तो बरोबर जायचा, आधी जेवायचा, आणि थोडा वेळ थांबून मग म्हणायचा, बसा. तीच आमची रीत झाली.

पाहुणे इथवर ऐकतात आणि म्हणतात, किती छान प्रथा आहे. मला मात्र या गोष्टीचा राग येतो. ही रीत भिवजीच्या नावावर लावून आम्ही त्याला मोठा केला. गोदूबाईचा दोष नव्हता, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी आजही खडकउतारात कुणाच्या घरी काही बिघडलं, आंबलं, नासलं की लोक म्हणतात, गोदूची आमटी झाली. परवा आमची कढी फाटली, तेव्हा सुनेला मीही तेच म्हणालो.